जावयाचे साडेचार तास

दरवर्षी जून उजाडला की आमच्या जळगावच्या कॉलनीतल्या दोन-चार आया माझ्याकडे येतात. हातात मुलाची वही असते, बोटांना डिंक लागलेला असतो आणि चेहरा परीक्षेला बसल्यासारखा ओढलेला असतो. ज्याचा अभ्यास तो मुलगा बाहेर गल्लीत चेंडू बडवत असतो. "गुरुजी, तुमचा जन्म शाळेत गेला. तुम्हीच सांगा, उन्हाळ्याच्या सुट्टीत अभ्यास द्यावा का हो शाळेनं?" असं त्या कळवळून विचारतात.

मी विचारतो, "घरात जावई आहे का?"

त्यांना वाटतं, म्हाताऱ्याला ऐकू कमी येऊ लागलं. त्या एकमेकींकडे बघतात, चहाचं विचारायच्या आत उठतात. पण माझा प्रश्न अगदी सरळ आहे. सुट्टीचा अभ्यास द्यावा की नाही, याचा निकाल माझ्यापुरता एका जावयाने लावला. तो कसा लावला ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला हरकत नाही.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. धुळ्याच्या बाजूला, हमरस्ता सोडून बैलगाडीने आत गेलं की लागणाऱ्या एका गावात मी शिक्षक होतो. गावाचं नाव सांगत नाही. त्या जावयाचे नातू आता चांगल्या नोकऱ्यांना लागलेत आणि त्यांतला एक वकील आहे. शाळा पाचवीपर्यंत. मी हेडमास्तर, एक असिस्टंट आणि गळणारी कौलं, एवढा आमचा संसार. मी नुकताच ट्रेनिंग करून आलो होतो. ट्रेनिंगहून आलेला मास्तर आणि नवी सून यांचा पहिल्या वर्षाचा उत्साह सारखाच असतो. दोघांनाही घरातली भांडी जागच्या जागी दिसत नाहीत.

बाहेरच्या माणसाला मास्तरकी म्हणजे शिकवणं वाटतं. तसं ते नाही. मास्तरकीचा निम्मा भाग म्हणजे आधी शिकवलेलं पुन्हा शिकवणं. एप्रिलमध्ये जे पोरगं एकोणतिसाचा पाढा झोपेत म्हणायचं, ते जूनमध्ये 'सात आठे' विचारल्यावर छताकडे बघायचं. उन्हाळा हा खानदेशात पोरांच्या डोक्यावरून पाणी फिरवणारा काळ. लग्नं, आंबे, नदीतले डोह, आणि या सगळ्यांच्या मधोमध आखाजी. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आमच्याकडे तिच्यापुढे दिवाळीसुद्धा धाकटी. लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. पुरुषमंडळी सगळ्यांसमक्ष पत्ते कुटतात आणि कोणी त्यांना नावं ठेवत नाही. शेतावरच्या सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, साल आखाजीला संपतं आणि नवं साल त्याच दिवशी धरलं जातं. त्याच मुहूर्तावर एखादं पोरगंही कोणाच्या तरी गुरांमागे लागायचं आणि जूनमध्ये शाळेत त्याची जागा रिकामी दिसायची.

म्हणून मी सुट्टीचा अभ्यास द्यायचं ठरवलं. माझा हिशोब असा होता, की अभ्यास दिला म्हणजे तो दाखवायला पोरगं परत येईल. गाईच्या गळ्यात दावं असतं तसं. गावाला हे पटलं नाही. सुट्टी दिली आणि वर कामही दिलं, म्हणजे जेवायला बोलावून ताट धुवायला लावण्यासारखं झालं, असं पारावर बोललं गेलं.

पहिल्या वर्षी मी शुद्धलेखन दिलं. रोज एक पान. जूनमध्ये वह्या आल्या. एका पोराची वही उघडली तर सगळं लिखाण मोडीत. चांगलं वळणदार, झोकदार, जुन्या कारकुनी थाटाचं. पोराला मोडीचं एक अक्षर येत नव्हतं. त्याच्या आजोबांनी नातवावर दया येऊन सगळी पानं एका बैठकीत उतरवली होती. बालबोध अक्षरं पोरांची, मोडी मोठ्या माणसांची, आणि शाळेत मोठ्या माणसांचीच चालत असणार, असा त्यांचा समज. ते स्वतः माझ्याकडे शेरा काय मिळाला हे विचारायला आले. मी 'उत्तम' असा शेरा दिला. दुसरं काय देणार.

दुसऱ्या वर्षी निबंध दिला: 'मी पाहिलेले लग्न'. गावात त्या उन्हाळ्यात एकच मोठं लग्न झालं होतं, त्यामुळे सगळ्या वर्गाने तेच पाहिलं होतं. पंगतीत काय भांडण झालं, वरमाय कशावरून रुसली, कोणी किती लाडू उपरण्यात बांधून नेले, हे पोरांनी नावानिशी लिहून काढलं. पोरं खरं बोलतात हे मला माहीत होतं, पण एवढी माणसं एकाच वेळी खरं बोलली की काय होतं ते मला माहीत नव्हतं. लाडूवाल्यांच्या घरून निरोप आला की गुरुजींनी आमच्या दारावरून जाऊ नये. मग महिनाभर मी शाळेत वळसा घालून जात होतो.

तिसऱ्या वर्षी मी शहाणा झालो आणि गणितं दिली. गणितात कोणी रुसत नाही, अशी माझी समजूत होती.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला सांगितलं होतं, की गणितं पोरांच्या आसपासची असावीत. पुस्तकातल्या हौदाला दोन नळ असायचे. आमच्या गावात नळ कोणी पाहिला नव्हता. म्हणून मी तुकाराम आबांच्या विहिरीवर गेलो. आबा म्हणजे गावातलं मोठं शेतकरी घर, शाळा कमिटीचे चेअरमनही तेच. त्यांची विहीर दोन मोटांची होती आणि भर उन्हाळ्यात पाणी राखून असायची. मोट ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: चामड्याची मोठी बादली, तिला नाडा, आणि नाड्याला बैलजोडी. बैल उतरत्या धावेवरून खाली गेले की मोट वर येते आणि ओतली जाते. मग बैल मागे सरत वर येतात आणि मोट खाली जाते. आबांचा सालदार सुकलाल मोठी मोट हाकायचा. त्याला विचारलं तर तो म्हणाला, मोठ्या मोटेने हौद तीन तासांत भरतो आणि धाकटीने सहा तासांत. मला माझं गणित आयतंच मिळालं. दोन्ही मोटा एकदम जुंपल्या तर हौद किती तासांत भरेल?

उत्तर दोन तास. एका तासात मोठी मोट हौदाचा तिसरा हिस्सा भरते, धाकटी सहावा. दोन्ही मिळून अर्धा. म्हणून दोन तासांत पूर्ण. एवढं सोपं गणित माझ्या संसारात एवढी धूळ उडवील असं मला वाटलं नव्हतं.

पोरं सगळा अभ्यास शेवटच्या दिवशी उरकतात, हे आता मला कळलं होतं. म्हणून सुट्टी संपायच्या थोडं आधीच मी जळगावहून परत आलो आणि घरोघर जाऊन अभ्यास तपासायला निघालो. हातात लाल पेन्सिल, पाटीवरही उमटणारी. आबांच्या घरी पोचलो तेव्हा ओट्यावर पंगत बसली होती. आबांचे जावई विश्वासराव आले होते. आबांची लेक सिंधू आखाजीला माहेरी आलेली, तिला परत न्यायला. लग्न गेल्या माघातलं. जावई पारोळ्याकडचे, मराठी फायनल, म्हणजे सातवीची मोठी परीक्षा, पास, अंगात कोट. ज्येष्ठाच्या उन्हातसुद्धा कोट. आमच्या भागात फायनल झालेला जावई मिळणं ही मोठी गोष्ट होती, आणि आबा ती गोष्ट दिवसातून निदान एकदा कोणाला तरी सांगायचे. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस असा बेत होता. जावयाच्या ताटाभोवती रांगोळी होती.

आबांचा धाकटा बारकू माझ्या पाचवीत. त्याने पाटी आणली. मी गणित बघितलं. उत्तर लिहिलं होतं: साडेचार तास. मी लाल फुली मारली आणि सवयीने मोठ्यांदा म्हणालो, "बारकू, हे कोणत्या बैलानं सोडवलं?"

बारकू म्हणाला, "गुरुजी, मी नही कयं. पाव्हनास्नी कयं."

 विश्वासरावांच्या हातातला घास रसात राहिला. नऊ तासांचे निम्मे साडेचार, असा त्यांनी साधा हिशोब केला होता. फायनलनंतर गणिताशी फारकत झालेल्या माणसाने आणखी काय करायचं. पण बैल हा शब्द मी उच्चारला होता, आणि उच्चारलेला शब्द फुलीसारखा थुंकीने पुसता येत नाही. ते उठले, हात धुतले आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "ज्या घरी माझी अक्कल काढली जाते तिथं मी जेवणार नाही. गुरुजींनी हे उत्तर बरोबर आहे म्हणून सांगावं. नाहीतर मी एकटाच परत जातो. तुमची मुलगी तुमच्याकडे राहू द्या." आणि कोट झटकून ते मारुतीच्या पारावर जाऊन बसले.

जावई रुसणं यात नवल काही नाही. तो त्याचा हक्कच असतो. पण सासरी न नेलेली लेक ही गोष्ट त्या काळी हसण्यावारी न्यायची नव्हती. जावई एकटा परतला असता तर आठ दिवसांत दोन्ही गावांत निरनिराळी कारणं तयार झाली असती आणि त्यांतलं एकही हौदाचं नसतं. सिंधू माझ्याच शाळेत शिकलेली. पाचवीत वर्षाच्या मध्येच तिला काढलं होतं. आता ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचा चेहरा बघून माझा लाल पेन्सिलीचा सगळा तोरा उतरला.

बैल या शब्दाबद्दल मी पारावर जाऊन माफी मागितली. ती त्यांनी मोठ्या मनाने घेतली. पण उत्तराबद्दल बोलणं आलं की ते मारुतीकडे तोंड करून बसायचे.

तिसऱ्या प्रहरी आबा शाळेत आले. बाकावर बसले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "गुरुजी, एवढं एक गनित बरोबर धरी ल्या. बठ्ठा सालमा एकच ते शे." सबंध वर्षातलं एकच तर गणित, असा त्यांचा हिशोब.

"आबा, मोठी मोट एकटी तीन तासांत हौद भरते. दुसरी मदतीला आल्यावर साडेचार तास कसे लागतील? मदत आहे का खोडा?"

"मनी हीर शे, माले समजत नही का? पन जवाई बी मनाच शे."

विहीरही त्यांची आणि जावईही त्यांचाच. मला त्यांची दया आली आणि माझीही आली. आबांनी मनात आणलं असतं तर माझी बदली सातपुड्याच्या पायथ्याला झाली असती. पण अडचण बदलीची नव्हती. फायनल पास पाहुण्याने उत्तर काढलंय, ही बातमी तोवर पोरांत पसरली होती आणि सगळ्या पाचवीने आपापली उत्तरं पुसून साडेचार तास लिहिले होते. त्यांत दोन पोरांची उत्तरं आधी बरोबर होती. मी आता साडेचारला हो म्हटलं असतं तर पुढचं वर्षभर कोणत्या तोंडाने फळ्यासमोर उभा राहिलो असतो? मी आबांना नाही म्हणालो. 

संध्याकाळी पारावर सगळं गाव जमलं. जावई एका बाजूला, मी एका बाजूला. गंमत अशी, की जमलेला प्रत्येक माणूस जन्मभर मोट हाकत आलेला. दोन मोटांनी हौद लवकर भरतो हे तिथल्या शेळ्यांनाही ठाऊक होतं. पण प्रश्न गावच्या जावयाचा होता. एक म्हणाला, बैल बैलाला बघून अंग चोरतो, तेव्हा वेळ जास्त लागू शकतो. दुसरा म्हणाला, दोन मोटा पडल्या की विहिरीतलं पाणी बिचकतं. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होतो. कोणीही हसत नव्हतं. शेवटी दौलतनाना म्हणून गावातले सर्वांत वयस्कर गृहस्थ होते, ते तंबाखू थुंकून म्हणाले, "वाद कसाले घालतस? हीर शे, मोटा शेतस, हौद शे. भरी देखा."

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी गणित प्रत्यक्ष सोडवायचं ठरलं.

माझ्या नोकरीत डिप्टीसाहेबांच्या तपासण्या पुष्कळ झाल्या, पण त्या सकाळइतकी हजेरी एकाही तपासणीला नव्हती. अख्खं गाव विहिरीवर. बायका पाण्याच्या निमित्ताने घागरी घेऊन आलेल्या, पोरं बांधावर ओळीने बसलेली. विश्वासरावांना आंब्याच्या सावलीत घोंगडी टाकून दिली होती. त्यांचं घड्याळ, जे आबांनीच लग्नात दिलं होतं, ते माझ्या हातात. नि:पक्षपाती माणूस म्हणून वेळ मी बघायची होती. हौद मोकळा केलेला होता. सुकलालने मोठी मोट धरली, धाकटीवर त्याचा भाऊ.

दोन खेपांतच माझ्या लक्षात आलं की काहीतरी बिघडलंय. एरवी बैलांच्या शेपट्या पिळणारा सुकलाल त्या दिवशी बैलांना वर आणताना त्यांच्याशी गप्पा मारत होता. खाली गेल्यावर थांबून त्याने मुंडासं सोडलं, झटकलं आणि सावकाश पुन्हा बांधलं. मग बैलाच्या कानातली गोचीड काढली. मग दुसऱ्या बैलाला वाईट वाटू नये म्हणून त्याच्याही कानात बघितलं. मोट अर्धी भरली तरी वर यायची, आणि वर येऊन थोडा वेळ विचार करून मग ओतायची. मी जवळ जाऊन विचारलं तर म्हणाला, "गुरुजी, बैलस्ले ऊन लागस." सूर्य अजून बांधाच्या झाडांआड होता.

मी आबांकडे बघितलं. आबा आभाळाकडे बघत होते. तेव्हा मला उमगलं. आबांनी रात्रीच सांगून ठेवलं होतं की काही झालं तरी हौद साडेचार तासांत भरला पाहिजे. सुकलालने आखाजीला नुकतंच नवं साल धरलेलं. मालकाच्या शब्दाबाहेर जाण्याची त्याची छाती नव्हती, आणि हळू काम करण्याचा हुकूम जन्मात पहिल्यांदाच मिळालेला, म्हणून तो मन लावून पाळत होता. गणिताचं उत्तर चुकलं तर माणूस उत्तर बदलतो. इथे आबांनी बैलांची चालच बदलली होती.

मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. मी खोटं बोललो नव्हतो, विहीर खोटं बोलत होती. जावई जिंकला असता, सिंधू सासरी गेली असती, आणि पाचवीला पुढे कधीतरी नळाचं गणित घालून मी सगळं निस्तरलं असतं. दीड तास झाला. हौदात जेमतेम तिसरा हिस्सा पाणी होतं. साडेचारचा हिशोब अगदी चोख जमत चालला होता.

पण विश्वासराव घोंगडीवर चुळबुळ करू लागले होते. आधी ते खुशीत होते. मग मोटेकडे बघत त्यांनी एक पाय हलवायला सुरुवात केली. मग दोन्ही. ते फायनल पास असले तरी त्याच्या आधी कुणबी होते, आणि बैल असे चालताना बघणं कुणब्याला सोसत नाही. कडेला थारोळ्यावर, म्हणजे मोट जिथे ओतते त्या दगडी कुंडावर, सिंधू घागर भरत होती. ती शेजारणीला म्हणाली, आवाज अगदी बेताचा, पण आंब्याखाली पोचेल एवढा: "आमना गावना बैल असाच शेतस, बहीन. अनि कोट घालनारास्ले मोट काय समजी?"

विश्वासराव उठले. कोट काढला आणि माझ्या अंगावर टाकला. चिडल्यावर त्यांची फायनल गळून पडली आणि आतलं खानदेशी बाहेर आलं. "हाऊ मोट हाकस का झोप काढस?" असं म्हणत त्यांनी सुकलालच्या हातातला कासरा घेतला.

आबा धावत गेले. "पाव्हना, ऱ्हाऊ द्या. तुम्हले घाम येई."

"मी काय लोनीना गोया शे का?"

"पाव्हना, दमानं तरी. घाई नही काही."

आबा जितकं 'दमानं' म्हणत, तितकं जावयाचं रक्त तापत होतं. सासरा आपल्याला मोट हाकता येत नाही असं समजतो, एवढंच त्यांना दिसत होतं. त्यांनी हौद पुन्हा रिकामा करायला लावला. पहिल्यापासून सगळं, म्हणाले, नाहीतर मागून बोलाल की निम्मा आधीच भरला होता. धाकट्या मोटेवरच्या भावाला असा दम भरला की तोही विसरला कोणाचा हुकूम काय होता. मी घड्याळात पाहून पुन्हा वेळ धरली.

आणि मग मोट काय असते ते मी पाहिलं. बैल धावेवरून खाली जायचे ते वाऱ्यासारखे, आणि मागे सरत वर यायचे ते न सांगता. जावयाने गाणंही धरलं. मोट वर यायची ती काठोकाठ. पाणी थारोळ्यात आपटून बायकांच्या अंगावर उडत होतं. आबा हौदाच्या काठावर उकिडवे बसले होते. पाणी बोटभर चढलं की त्यांचा चेहरा बोटभर उतरायचा. एकदा ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "गुरुजी, घड्याय बंद पडस का काही?" मी कानाला लावून बघितलं. टिकटिक चालू होती.

हौद भरला. नुसता भरला नाही, काठावरून वाहू लागला. विश्वासरावांनी कासरा टाकला, तोंडावर पाणी मारलं आणि छाती पुढे काढून उभे राहिले. सदरा घामाने अंगाला चिकटला होता. आणि मग हळूहळू, लोक गप्प का आहेत हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी हौदाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. स्वतःचंच उत्तर स्वतःच्या हाताने बुडवलं होतं. सिंधू घागर कमरेवर घेऊन उभी होती आणि खाली बघत होती.

दौलतनाना म्हणाले, "सांगा गुरुजी."

मी घड्याळ दोनदा बघितलं. मग म्हणालो, "पावणेदोन तास."

 विश्वासरावांच्या कपाळावरची आठी आधी सुटली. फायनल परत जागेवर आली. "गुरुजी, तुमचं उत्तर काय होतं?"

"दोन तास."

"म्हणजे तुमचंही चुकलं."

मी म्हणालो, "चुकलं."

"मग मारा फुली."

बारकूने पाटी आणली. मी माझं उत्तर लिहिलं, दोन तास, आणि सगळ्या गावासमोर त्यावर लाल फुली मारली. जावयाच्या फुलीशेजारी माझी फुली. विश्वासरावांनी पाटी हातात घेऊन दोन्ही फुल्या नीट बघितल्या. आकाराने सारख्या आहेत याची खात्री झाल्यावर ते हसले. पाठोपाठ सगळं गाव हसलं. कालपासून दाबून धरलेलं हसू होतं ते. आबांनी डोळ्यांना पागोट्याचा शेव लावला. त्या दिवशी आमरसाला मीही पंगतीत होतो, आणि माझ्या ताटाभोवतीही रांगोळी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जुंपली. सिंधू निघण्याआधी माझ्या पाया पडायला शाळेत आली. माझ्याशी ती शाळेतलं मराठी बोलायची, अजूनही. म्हणाली, "गुरुजी, तुमचं चुकलं नव्हतं. सुकलालच्या हाताने दोन तासच लागले असते. यांचा हात चालतो जास्त."

मी म्हणालो, "तुला उत्तर येत होतं?"

"बारकूनं वाचून दाखवलं तेव्हाच आलं होतं. एका तासात अर्धा हौद."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर कोणाच्या बाजूनं सांगितलं असतं?" एवढं म्हणून ती वर्गात डोकावली. फळ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "पाचवीतलं ते प्रकरण अर्धंच राहिलं होतं माझं. पुढचं बारकूच्या पुस्तकात बघून घेतलं, आखाजीला आले तेव्हा. झोक्यावर बसून. तुम्ही रागावणार नाही ना?"

 तिला शाळेतून काढलं तेव्हा मी आबांशी एकदा बोललो होतो, दुसऱ्यांदा बोललो नव्हतो. बाहेरून गाडीवानाने हाक मारली आणि ती गेली.

तर आयांनो, सुट्टीत अभ्यास द्यावा की नाही, हे तुम्ही मला विचारता. ज्यांना मी तो दरवर्षी दिला, त्यांचा आजोबांनी केला, जावयांनी केला, शेवटी बैलांनी केला. आणि जिची सुट्टी कधी संपणारच नव्हती, तिला मी काहीच दिलं नव्हतं. तिने केला होता, आणि बरोबर केला होता. त्या पाटीवर खरं म्हणजे तिसरं उत्तर तिचं लिहून घेऊन त्यावर बरोबरची खूण करायला हवी होती. लाल पेन्सिल माझ्या खिशातच होती.